कोकण रेल्वे : इंजिनिअरचा आकडा आणि राज्याचे धोरण

रत्नागिरीच्या बाजारपेठेत उभे राहून कोणाला रेल्वे स्थानक कोठे आहे म्हणून विचारले, तर तो बोट दाखवीत नाही, रिक्षा दाखवितो. स्थानक गावात नाही. ते कुवारबावच्या बाजूला, गावापासून चांगले दोन कोस दूर आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेला चाकरमानी पहाटे तेथे उतरतो, आणि गावी आलो असे म्हणण्यापूर्वी त्याला पुन्हा एक वाहन शोधावे लागते. असे का, हा प्रश्न श्रोत्यांपैकी बहुतेकांनी एकदा तरी मनाशी केला असेल, आणि 'सरकारने केले' एवढ्यावर तो मिटवलाही असेल. आमच्या मते हे उत्तर अर्धेच आहे. केले सरकारने हे खरे. परंतु सरकारने काय करावे हे काही इंजिनिअरांनी काही आकड्यांच्या बळावर सरकारच्या गळी उतरविले, तेव्हा कोठे सरकार ते करण्यास तयार झाले. आजच्या व्याख्यानाचा विषय तो आहे.

स्थापत्य-इंजिनिअर म्हणजे हुकमाचा ताबेदार, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मंत्र्याने पूल सांगितला, याने पूल बांधला. मंत्र्याने धरण सांगितले, याने धरण बांधले. ही समजूत पुष्कळ इंजिनिअरांनाही सोयीची वाटते, कारण मग बांधकामाच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी फक्त सिमेंट-वाळूच्या प्रमाणापुरती उरते. परंतु इतिहास पाहिला तर ज्यांची नावे मागे राहिली ते इंजिनिअर हुकमाची वाट पाहत बसलेले नव्हते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर आरंभ पेशवाईच्या अखेरीपासूनच करावा लागेल. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि लगोलग मुंबई इंजिनिअर्स पलटणीतील टॉमस बेस्ट जर्व्हिस हा तरुण अधिकारी दक्षिण कोकणच्या मोजणीवर नेमला गेला. सुमारे दहा वर्षे तो या डोंगरखाड्यांतून हिंडला. त्याने नकाशा केला तो तर केलाच. पण गावे, माणसे, उत्पन्न, मापे, वजने यांचीही नोंद घेतली, आणि पुढे कोकणावर ग्रंथ लिहिला. मण, पायली यांचे प्रमाण ठिकठिकाणी निराळे असल्याने सरकारला सारा नीट ठरविता येत नाही, हे मोजणी करताना त्याच्या ध्यानी आले आणि वजनमापांची एकच पद्धत असावी असा त्याने आग्रह धरला. त्याचा भाऊ जॉर्ज जर्व्हिस हाही इंजिनिअरच. त्याने मुंबईत इंजिनिअरिंगच्या शाळेसाठी गणिताची पुस्तके मराठीत आणविली. आणि १८४० नंतरच्या दशकात शिक्षण मातृभाषेतून की इंग्रजीतून हा वाद पेटला, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह तो देशी भाषांच्या बाजूने उभा राहिला, आणि समोर होते शिक्षणमंडळाचे अध्यक्ष व न्यायाधीश अर्स्किन पेरी. आज आपण जी शास्त्रीय मराठी बोलतो तिच्या मुळाशी एक पलटणीतला इंजिनिअर आहे, ही गोष्ट आमच्या फार थोड्या साहित्यिकांना ठाऊक असते. परके राज्य, त्याचे स्वार्थ, हे सारे मान्य करूनही, मोजणारा माणूस धोरणाच्या बैठकीत कसा शिरतो ते या दोघा भावांत दिसते.

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना आपण म्हैसूरचे म्हणून ओळखतो; परंतु ते शिकले पुण्याच्या सायन्स कॉलेजात आणि १८८४ साली नोकरीला लागले ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. नाशिक, धुळे, पुणे ही त्यांची कर्मभूमी. १८९९ च्या सुमारास पुण्याच्या पाटबंधाऱ्यांचा कारभार त्यांच्याकडे आला. मुठा कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांचे ऊसमळे बारमाही पाणी पीत होते, आणि शेपटाकडच्या गावांत दुष्काळातही पाणी पोचत नव्हते. शिवाय तोंडाकडच्या जमिनी पाणथळ होऊन हिवताप माजला तो निराळाच. विश्वेश्वरय्यांनी नवे धरण मागितले नाही. त्यांनी असलेल्या पाण्याचा हिशेब मांडला आणि सांगितले की पाणी गटागटाने अनेक गावांत वाटा, प्रत्येक गटात उसासारख्या पिकाला सुमारे तिसरा हिस्साच ठेवा आणि तो फिरता ठेवा. हीच 'ब्लॉक पद्धत'. १९०१ साली नेमलेल्या पाटबंधारे आयोगापुढे त्यांनी ती मांडली आणि दख्खनच्या कालव्यांवर ती सरकारी धोरण म्हणून आली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले आणि धरणाची भिंत न वाढविता पाण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढविली, हे सर्वजण सांगतात. आम्हांला मात्र दरवाजांपेक्षा ती वाटपाची पद्धत मोठी वाटते. दरवाजा हे यंत्र आहे. कोणत्या गावाला पाणी मिळावे हा राज्यकारभार आहे.

आता आपल्या रेल्वेकडे वळू.

कोकणात रेल्वे नव्हती म्हणजे काय नव्हते, हे आजच्या तरुणांना सांगून पटणार नाही. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली वर गेली. देशावर लोहमार्गांचे जाळे पसरले. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा माणूस मात्र आपल्या गावी येई तो आगबोटीने, आणि पावसाळा लागला की समुद्र बंद. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली आणि शेकडो माणसे गेली. किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत ती तारीख अजून पाळली जाते. बोटींनंतर एस.टी. आली. तिने कोकणावर केलेले उपकार कोणी विसरणार नाही. पण गणपतीच्या आधी दोन दिवस मुंबईच्या स्थानकावर ज्याने रांग धरली आहे, त्याला एस.टी.ची मर्यादाही सांगावी लागत नाही.

मागणी जुनीच होती. अ. ब. वालावलकर यांचे नाव कोकण रेल्वेचे आद्य पुरस्कर्ते म्हणून दक्षिण कोकणात आदराने घेतले जाते, आणि ते स्वतः इंजिनिअर होते ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत आवाज उठविला. १९७१ पासून प्रा. मधु दंडवते यांनी त्याच मतदारसंघातून तो पुढे चालविला. तरीही रेल्वे येत नव्हती. आली ती इंचाइंचाने. दिव्याहून पनवेल, पनवेलहून आपटे, आणि दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री झाल्यावर आपटे ते रोहे या टप्प्याला चालना मिळाली. रोह्याला गाडी पोचली १९८६ साली. या गतीने ती रत्नागिरीला कोणत्या पिढीत आली असती याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

नकाराचे कारण दुष्टपणा नव्हते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. रेल्वे खात्याची रीत अशी की, नव्या मार्गावर घातलेल्या पैशावर किती टक्के परतावा मिळेल ते आधी काढावयाचे. कोकणचा परतावा काढला तर काय निघणार? आंबा दोन महिने, मासळी आठ महिने, आणि पोटासाठी परगावी जाणारी माणसे बारा महिने. कारखाने नाहीत, खाणींचा मोठा माल नाही. उलट दर चार कोसांवर खाडी आणि दर कोसावर डोंगर. आकडा नेहमी उणा येई, आणि नियोजन मंडळाच्या पंक्तीत कोकणचे पान कधी मांडलेच जात नसे. सभा झाल्या, ठराव झाले. परंतु ठरावाने आकडा बदलत नाही.

१९८९ च्या डिसेंबरात दिल्लीत सरकार बदलले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री झाले. मंगळूरचा एक सुपुत्र आणि राजापूरचा एक प्रतिनिधी अशी दोन खाती एकाच वेळी कोकणच्या बाजूची झाली, हा योग खरा. तथापि योगायोगाला वाट दाखविणारा कोणी लागतो. रेल्वे बोर्डावर त्या वेळी इंजिनिअरिंगचे सदस्य होते ई. श्रीधरन. केरळातला हा मितभाषी गृहस्थ खात्यात एका जुन्या पराक्रमाने ओळखला जाई : १९६४ च्या डिसेंबरातील चक्रीवादळाने पांबनचा रेल्वे पूल उद्ध्वस्त केला, तेव्हा दुरुस्तीला सहा महिने लागतील असा खात्याचा अंदाज होता, आणि यांनी ती ४६ दिवसांत पुरी केली. अशा माणसाने 'पैसा नाही' हे उत्तर शेवटचे मानले नाही, यात नवल नाही.

त्यांनी प्रश्नच निराळा मांडला. कोकणाला रेल्वे परवडते काय, असे विचारले तर उत्तर 'नाही' हेच येणार. म्हणून विचारावयाचे असे की, मंगळूरला आणि केरळला मुंबई किती दूर आहे? तेव्हा मंगळूरहून मुंबईला जाणारी गाडी पालघाटच्या खिंडीतून पूर्वेस जाऊन, दख्खन ओलांडून, देशाला वळसा घालीत जाई, आणि ते अंतर होते २,०४१ किलोमीटर. किनाऱ्याने सरळ गेले तर तेच अंतर ९१४ किलोमीटर. म्हणजे ११२७ किलोमीटरांची बचत, निम्म्याहून अधिक. कोचीचे अंतर १,८४९ वरून १,३३६ वर येत होते. हे आकडे पुढे ठेवल्यावर कोकण रेल्वे ही दोन-तीन मागास जिल्ह्यांची तक्रार राहिली नाही. ती पश्चिम किनाऱ्याची, एका अर्थी देशाची, गरज ठरली.

आणि पैशाची वाटही त्याच आकड्यातून निघाली. खात्याच्या अंदाजपत्रकात जागा नाही तर खात्याबाहेर कंपनी काढा. ज्यांना लाभ त्यांनी भांडवल घाला. उरलेला पैसा कर्जरोखे विकून बाजारातून आणा. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशन नोंदले गेले. त्यात रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोव्याचे ६ आणि केरळचे ६. या शेवटच्या सहा टक्क्यांवर श्रोत्यांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. कोकण रेल्वे मंगळूरजवळ ठोकूर येथे संपते. केरळच्या भूमीवर तिचा एक फूटही रूळ नाही. तरीही केरळने भांडवल दिले. आपल्या हद्दीत नसलेल्या रुळांसाठी एखाद्या राज्याने पैसे मोजावेत, हे भाषणाने झाले नसते. ते अंतराच्या कोष्टकाने झाले. रेल्वे म्हणजे केवळ मध्यवर्ती सरकारची दया, ही जुनी कल्पना येथे मोडली, आणि राज्यांनी भागीदार होऊन मार्ग बांधावयाचे ही नवी रीत देशात पडली. हा बदल धोरणातला होता आणि त्याचा मसुदा इंजिनिअरच्या टेबलावर तयार झाला. श्रीधरन निवृत्त होताच या कॉर्पोरेशनचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. सल्ला देणाऱ्यावरच तो तडीस नेण्याची जबाबदारी आली, आणि हे आमच्या देशात विरळाच घडते.

१५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्यास कोनशिला बसली. काम सात विभागांत वाटले गेले, प्रत्येक सुमारे शंभर किलोमीटरांचा आणि प्रत्येकावर एक मुख्य इंजिनिअर : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. सातांपैकी दोन विभाग एकट्या रत्नागिरीचे होते. यावरूनच येथला प्रदेश किती अवघड याची कल्पना येते. निविदा, मोबदला, आराखड्यातला फेरफार यांचा निर्णय जागेवर व्हावयाचा. दिल्लीला कागद जाऊन परत येईपर्यंत पावसाळा उलटावयाचा नाही. ही स्वायत्तता कंपनीच्या रचनेतूनच आली होती.

मार्ग कसा आखावा, हा खरा वादाचा विषय. बोरघाटात जुन्या इंजिनिअरांनी ३७ फुटांस एक फूट असा चढ ठेवला होता. तेथे आजही गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. कोकण रेल्वेवर चढ ठरला १५० फुटांस एक फूट. वळणाची त्रिज्या १,२५० मीटरांहून कमी करावयाची नाही. गाडी ताशी १६० किलोमीटर धावू शकेल असा रूळमार्ग. ऐकावयास हे तांत्रिक वाटते, परंतु याचा अर्थ असा की, डोंगर आला तर गाडीने डोंगर चढावयाचा नाही, वळसाही घालावयाचा नाही; डोंगर फोडावयाचा. म्हणून ७६० किलोमीटरांच्या मार्गावर नव्वदांवर बोगदे आले, त्यांची एकत्र लांबी ऐंशी किलोमीटरांहून अधिक. आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. २०१३ साली काश्मिरात पीर पंजालचा बोगदा सुरू होईपर्यंत देशात त्याच्यापेक्षा लांब रेल्वे बोगदा नव्हता. रत्नागिरीच्या दक्षिणेस पानवलच्या ओढ्यावरील पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच, कुतुबमिनाराहून थोडासाच ठेंगणा. एवढ्या उंचीवर परांची बांधणे शक्य नव्हते, म्हणून पुलाचा माथा एका टोकाला तुकड्यातुकड्याने ओतून पुढे ढकलीत नेला. भारतात ती रीत प्रथम तेथे वापरली गेली. पावसाळ्यात गाडी त्यावरून जाते तेव्हा खाली ढग दिसतात आणि डब्यातले बोलणे आपोआप थांबते, हा आमचा अनुभव आहे.

ही आखणी दूरदृष्टीची होती, यात शंका नाही. परंतु ती कोणासाठी होती? १६० च्या वेगाने जाणारी गाडी मंगळूरची आणि कोचीची. संगमेश्वरच्या माणसाला १६० चा वेग काय करावयाचा? आमची जुनी गावे खाडीच्या तोंडाशी, बंदराच्या कडेला किंवा नदीच्या खोलात वसलेली. १,२५० मीटरांच्या त्रिज्येने वळणारा रूळ तेथपर्यंत उतरून परत वर येऊ शकत नाही, आणि खाडी ओलांडावयाची तर रुंद मुखापेक्षा आतल्या अंगाला ओलांडणे स्वस्त पडते. म्हणून स्थानकांच्या पाट्या पाहा : संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. 'रोड' या शब्दाचा रेल्वेच्या भाषेतला अर्थ असा की, गाव येथे नाही. येथून गावाला रस्ता जातो. रत्नागिरीच्या पाटीवर तो शब्द नाही एवढेच. ज्या आकड्याने कोकणाला रेल्वे मिळवून दिली, त्याच आकड्याने ती गावाबाहेर ठेवली. ११२७ किलोमीटरांची बचत मांडली तेव्हा रेल्वे मिळाली; परंतु त्या बेरजेत कोकणी प्रवाशाचे बाजारपेठेपासून स्थानकापर्यंतचे दोन कोस कोठेच नव्हते. ते कोणी मांडले असते तर मार्ग बदलला असता असे आम्ही म्हणत नाही. तेवढे अंतर तोडणारा रस्ता आणि एस.टी.ची फेरी यांचा आराखडा मात्र रुळांबरोबरच झाला असता, मागाहून नव्हे.

जमीन मिळविण्याचे काम महाराष्ट्रात ज्या सामोपचाराने झाले, त्याचे श्रेय इंजिनिअरांना दिलेच पाहिजे. चाळीस हजारांवर खातेदार, कोणाची कलमे, कोणाचे खळे, कोणाच्या पूर्वजांची जागा. अधिकारी नोटिसा चिकटवून थांबले नाहीत. गावोगाव जाऊन बसले, समजावले, पैसे लवकर हाती दिले. सुमारे वर्षभरात बहुतेक जमीन ताब्यात आली. जमीन देणाऱ्यांच्या घरच्यांना नोकरीत अग्रक्रमाचा प्रश्न मात्र पुढे कित्येक वर्षे गाजत राहिला. तेथे समाधान झाले असे कोणी म्हणणार नाही.

गोव्यात निराळे घडले. तेथे मांडवी-जुवारीच्या खाऱ्या पाण्याला शेकडो वर्षांचे बांध घालून आणि मानशीच्या दारांनी पाणी आतबाहेर करून खाजणशेती चालते. तेथला शेतकरी म्हणू लागला की तुमचा भराव आडवा पडला तर पाण्याची जाग बदलेल, बांध जातील, शेती खारी होईल. जुन्या गोव्याच्या चर्चवास्तूंची चिंता करणारेही त्यांत मिळाले. मार्ग पूर्वेला, आतल्या भागात न्यावा अशी मागणी झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९९२ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. तरी असंतोष शमला नाही. आंदोलन झाले, काही काळ गोव्यातील काम थांबले आणि १९९३ मध्ये न्यायमूर्ती ओझा यांचा एकसदस्य आयोग बसला. शेवटी मार्ग बहुतांशी तोच राहिला. परंतु खाजणातून पाण्याला वाट राहावी म्हणून पूल व मोऱ्या यांची अधिक काळजी घेणे भाग पडले. या प्रकरणी 'विकासाला विरोध करणारे मूठभर लोक' असे त्या वेळी बोलले जाई. आम्हांला ते कधी पटले नाही. भरतीचे पाणी कोणत्या बांधाला किती चढते, हे मानशी राखणाऱ्या गावकऱ्याला आराखडा काढणाऱ्याइतकेच, कदाचित अधिक, ठाऊक असते. त्याचा आकडा कागदावर नसतो, एवढाच फरक. तो आधी विचारला असता तर आयोग लागला नसता आणि गेलेले महिनेही वाचले असते.

पेडण्याच्या बोगद्याने तर सर्वांचीच परीक्षा पाहिली. अवघा दीड किलोमीटरांचा; परंतु कातळ नाही, चिखलासारखी ओली माती. खोदावे तितके वरून खाली यावे. त्या एका बोगद्यासाठी सारा मार्ग खोळंबला. पाच वर्षांचा संकल्प सात वर्षांवर गेला, आणि व्याजासह खर्च सुमारे साडेतीन हजार कोटींवर पोचला. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग राष्ट्राला अर्पण झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई-मंगळूर गाड्या सलग धावू लागल्या. बांधकामात ७४ माणसे प्राणास मुकली. रत्नागिरी स्थानकाच्या आवारात त्यांचे स्मारक आहे. गाडीच्या घाईत तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

पेडण्याची माती अजून शांत झालेली नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये बोगद्याची भिंत कोसळली. २०२४ च्या जुलैत आत पाणी आणि चिखल येऊन गाड्या थांबल्या. ज्या गोष्टीचा पहिला हिशेब पुरा झाला नव्हता ती गोष्ट म्हणजे कोकणची माती आणि कोकणचा पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, वर जांभा, त्याखाली मऊ चिकणमाती, त्याखाली काळा कातळ. अशा डोंगरात कटिंग घेतले की, कडा किती उभी ठेवावी हा प्रश्न येतो. उतार सौम्य करावा तर अधिक जमीन घ्यावी लागते, अधिक माती उपसावी लागते, अधिक पैसा आणि अधिक वेळ लागतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, कारवारहून मुंबईस निघालेली सुटीतील विशेष गाडी तिच्यावर आदळली आणि पन्नासांवर माणसे गेली. पुरते वर्षही उलटले नव्हते. १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दगडांवर आदळून डबे पुलाखाली गेले, पुन्हा बळी पडले.

त्यानंतर जे झाले ते उघड्यावर आहे. कटिंगचे उतार नव्याने सौम्य केले, कड्यांवर लोखंडी जाळ्या घातल्या, काँक्रीट फवारले, वाळ्याच्या जातीचे गवत लावले, संरक्षक भिंती उभारल्या, आणि पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक करून गाड्यांचा वेग उतरविला. ही सर्व कामे जर १९९० च्या अंदाजपत्रकात असती, तर एकूण आकडा वाढला असता. आणि आकडा वाढला असता तर कदाचित रेल्वेला मंजुरीच मिळाली नसती. हा युक्तिवाद आम्ही एका निवृत्त इंजिनिअरांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो सहजासहजी झटकून टाकता येत नाही. पूर्ण हिशेब मांडून काम न होण्यापेक्षा अपुरा हिशेब मांडून काम होणे बरे, असे त्याचे तात्पर्य निघते. परंतु मंत्र्याने मनाशी असा सौदा केला तर आपण त्याला निवडणुकीत जाब विचारतो. इंजिनिअरने केला तर तो अंदाजपत्रकाच्या पोटात दडून राहतो आणि कोणाला विचारावे हेही कळत नाही. उरलेला हिशेब वैभववाडीच्या प्रवाशांनी चुकता केला, हे त्या युक्तिवादापुढे ठेवून मगच त्याचे मोल ठरवावे.

आणि हे प्रकरण केवळ गतकालाचे नाही. रोहे ते वीर हा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला; उरलेला बहुतेक मार्ग अद्याप एकेरी आहे. विजेच्या तारा २०२२ साली साऱ्या मार्गावर आल्या. कॉर्पोरेशनच्या अंगावरचे कर्ज आणि दुपदरीकरणाला न पुरणारा पैसा यांमुळे ते भारतीय रेल्वेत विलीन करावे असा विचार पुढे आला, आणि २०२५ साली महाराष्ट्र शासनाने त्यास संमती दिली. राज्यांच्या भागीदारीची जी रीत एका इंजिनिअरच्या मसुद्याने आली, ती पस्तीस वर्षांनी मागे घेतली जाण्याची वेळ आली आहे. ती रीत चुकली होती की तिला पुरेसे भांडवलच मिळाले नाही, यावर विधानसभेत बोलले जाईल, वर्तमानपत्रांत लिहिले जाईल. दुसरा रूळ ज्या दिवशी खरोखर टाकावयास घेतील, त्या दिवशी पुन्हा तेच प्रश्न येतील : करबुड्यात दुसरा बोगदा पहिल्यापासून किती अंतरावर, कटिंग कोणत्या अंगाने रुंद करावयाचे, उतार किती ठेवावयाचा, आणि दुसऱ्या रुळाचा परतावा मोजताना कुवारबावला उतरणारा प्रवासी त्यात धरावयाचा की नाही. ही कागदपत्रे तयार होतात तेव्हा ती पाहण्यास मागता येतात. रत्नागिरीत निवृत्त इंजिनिअर पुष्कळ आहेत. त्यांतील काही या सभागृहात पहिल्या रांगेत बसलेले आम्हांला येथून दिसत आहेत.